चुकीच्या जागी खणलेला खड्डा: बियास कुंड खोऱ्यातल्या एका हिमस्खलनाचे प्रकरण

हे प्रकरण सरावासाठी रचलेले आहे. गट, तारखा आणि शिखर कल्पित आहेत. बर्फाचे वागणे, उपकरणांचे तपशील आणि चुकांची जात खरी आहे. शिखराचे नाव मुद्दाम घेतलेले नाही. नाव आले की चर्चा त्या शिखराची होते आणि उताराकडे कोणी बघत नाही. दर मे महिन्यात नागपुरातून मनालीकडे निघणाऱ्या गटांनी हे निघण्याआधी एकत्र बसून वाचावे आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून 'इथे आपण काय केले असते' ते मोठ्याने बोलावे.

गट आणि बेत

सहा जण नागपूरचे, सोबत मनालीचा एक स्थानिक गाइड. सहांपैकी दोघांनी पर्वतारोहणाचा ॲडव्हान्स कोर्स केलेला, तिघांनी बेसिक, एक नवा. सोयीसाठी लीडरला क आणि बाकीच्यांना ख, ग, घ, च, छ म्हणू. गाइडला गाइडच म्हणू. शिखर ५,२०० मीटरच्या आसपास, पीर पंजाल रांगेत, सोलांगच्या वरच्या बियास कुंड खोऱ्यात.

बेत दहा दिवसांचा, नागपूर ते नागपूर. पहिल्या दिवशी संध्याकाळची दिल्लीची गाडी, दुसऱ्या दिवशी दिल्लीहून रात्रीची बस, तिसऱ्या दिवशी मनाली आणि तिथून लगेच धुंडी. चौथा दिवस बकरथाच, सुमारे ३,३०० मीटर. पाचवा दिवस वरचा कॅम्प, ३,९०० मीटर. सहावा दिवस सराव. सातव्या दिवशी रात्री एकला निघून शिखर आणि परत बकरथाच. आठव्या दिवशी मनालीहून बस, नवव्या दिवशी दिल्लीहून गाडी.

राखीव दिवस शून्य. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे. तिथून चार रात्रींत ३,९०० मीटरवर झोपायला जाणे हे विरळ हवेच्या दृष्टीनेही घाईचेच आहे. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला सुमारे ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा साधा नियम बेतातच मोडला होता. पण या प्रकरणात त्रास विरळ हवेने दिला नाही. बर्फाला जेवढा वेळ लागणार होता तेवढा वेळच गटाकडे नव्हता, त्याने दिला. आणि तो वेळ कमी पडणार हे नागपुरातच ठरले होते. कॉलेजची सुट्टी, ऑफिसची मोजून मिळालेली रजा आणि मे महिन्याच्या गर्दीत दोन महिने आधी काढलेले परतीचे कन्फर्म तिकीट. 'पुढच्या गाडीने येऊ' म्हणायची सोय उरलेली नव्हती.

उतार

वरच्या कॅम्पपासून ४,६०० मीटरपर्यंत उतार सौम्य, २० ते २५ अंशांचा. त्यापुढे १५० मीटर उंचीचा एक टप्पा, तोंड पूर्व-ईशान्येला, कोन ३४ ते ३८ अंश. वर गोलसर कड, तिच्या डाव्या हाताला खडकांची ओळ आणि खाली एक सपाट, वाटीसारखा भाग. कडेच्या वर शिखराची धार पश्चिमेला तोंड करून उभी.

स्लॅब हिमस्खलने, म्हणजे बर्फाची एकसंध लादी सुटून होणारी, बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, सर्वांत जास्त ३८ अंशांच्या आगेमागे. मैदानातल्या माणसाला हा कोन डोळ्यांनी कळत नाही, कारण रोजच्या जगण्यात असा उतार पायाखाली येत नाही. ओळखीचे एक माप मात्र घरातच असते. नेहमीच्या जिन्याची पायरी १७ सेंटिमीटर उंच आणि २७ सेंटिमीटर रुंद असली तर जिन्याचा कोन ३२ अंश येतो. म्हणजे आपल्या घराच्या जिन्यावर बर्फ साचला तर तो स्लॅब सुटण्याच्या पट्ट्यात बसतो. नव्या पोरांना हे एकदा दाखवले की 'फार काही उभा नाही' हे वाक्य ते जपून वापरतात.

नकाशावरही हे नागपुरात बसून बघता येते. १:५०,००० च्या नकाशावर कंटूर रेषा (समान उंचीच्या रेषा) ४० मीटरच्या असतील, तर दोन रेषांमधले अंतर १.४ मिलिमीटरपेक्षा कमी झाले की उतार ३० अंशांच्या वर गेला. १ मिलिमीटर म्हणजे ३८-३९ अंश. फक्त एक लक्षात ठेवावे: दोन रेषांच्या मध्ये वीस-तीस मीटरचा उभा टप्पा लपून राहू शकतो आणि नकाशा तो दाखवत नाही. जागेवर गेल्यावर काठी उतारावर आडवी टाकून तिच्यावर फोनचा कोनमापक ठेवून बघावेच लागते. या गटाने ना नकाशावर मोजले, ना जागेवर.

तीन दिवसांचे हवामान

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत कडक ऊन. वरच्या उतारांवरचा जुना बर्फ पृष्ठभागावर वितळला. दुपारी तीननंतर पश्चिमी विक्षोभाचे ढग, गडगडाट, आणि वर पांढऱ्या गोल दाण्यांचा मारा. हे दाणे दोन ते चार मिलिमीटरचे, हुबेहूब साबुदाण्यासारखे. ढगातल्या जोरदार वर-खाली हवेत बर्फाच्या कणांवर अतिथंड पाण्याचे थेंब गोठत गेले की ते तयार होतात. विदर्भात फेब्रुवारी-मार्चला संत्र्यावर पडते ती गार याच कुळातली, पण टणक. हा दाणा बोटांत चुरडतो.

त्याच संध्याकाळी थंडी वाढली आणि उन्हात ओला झालेला पृष्ठभाग गोठून कडक कवच झाला. कवच गुळगुळीत, त्यावर साबुदाणा. दाणे गोल असल्याने एकमेकांत अडकत नाहीत, कवचाला धरत नाहीत, आणि उभ्या जागेवरून घरंगळून खडकांच्या पायथ्याशी व उताराच्या खोलगट भागात साचतात. म्हणून हा थर सगळीकडे सारखा नसतो. इथे तीन सेंटिमीटर, पाच पावलांवर काहीच नाही.

पाचवा दिवस संपूर्ण हिमवृष्टीचा. ३,९०० मीटरला ओला बर्फ, १५ सेंटिमीटर. वर कोरडा, सुमारे ३५ सेंटिमीटर. वारा नैर्ऋत्येचा आणि जोरदार.

सहाव्या दिवशी दुपारी आकाश मोकळे झाले, पण वारा थांबला नाही. धारेवरून पूर्वेकडे बर्फाचे पांढरे झेंडे उडताना कॅम्पवरून दिसत होते. त्याचा अर्थ एकच: हिमवृष्टी थांबली तरी पूर्व-ईशान्येच्या उतारावर बर्फ पडतच होता, फक्त आता तो आकाशातून न येता धारेच्या पलीकडून येत होता. आडोशाच्या उतारावर वारा बर्फ टाकतो त्याचा वेग साध्या हिमवृष्टीच्या कित्येक पट असू शकतो. शिवाय वाहताना कणांची टोके मोडतात, तुकडे गच्च बसतात आणि तयार होते ती एकसंध, ताठर लादी. तिलाच स्लॅब म्हणतात. मराठीत हा शब्द घराच्या छतासाठी रुळलेला आहे आणि इथे तो नेमका बसतो: एका जागी तडा गेला की तो पूर्ण लादीभर धावतो. भुसभुशीत नवा बर्फ तसे करत नाही. तो पायाखाली नुसता दबतो.

गाइडने दुपारीच सांगितले होते की वर वारा लागलाय, एक-दोन दिवस थांबू. या वाक्यात प्रकरणाचे उत्तर होते. साबुदाण्याचा थर आणि वाऱ्याची लादी हे दोन्ही धोके फार दिवस टिकणारे नसतात. दाणे हळूहळू शेजारच्या कणांना चिकटतात, लादी बसते, ताण कमी होतो. बहुतेक वेळा २४ ते ४८ तासांत मोठा फरक पडतो. सावलीच्या, फार थंड उतारावर जास्त वेळ लागतो. वितळ-गोठण कवचाखाली किंवा जमिनीलगत साखरेसारखे सुटे स्फटिक तयार झाले असते तर गोष्ट वेगळी होती. तो थर आठवडेच्या आठवडे टिकतो आणि त्याला थांबून काही उपयोग नसतो. इथे थांबणे हाच उपाय होता, आणि थांबायला दिवस नव्हता.

खड्डा

गट बेफिकीर होता असे नाही. सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी बर्फाचा खड्डा खणला, थर बघितले, कॉम्प्रेशन टेस्ट केली. कृती अचूक होती. ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब मोकळा केला, वर फावडे ठेवले, मनगटातून दहा ठोके, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. तीस ठोके झाले, खांब कुठेही तुटला नाही. वहीत नोंद झाली: 'स्थिर.'

चूक जागेची होती. खड्डा कॅम्पपासून जवळ, ४,०५० मीटरवर, पश्चिमेकडे तोंड असलेल्या २२ अंशांच्या उतारावर. तीन गोष्टी एकाच वेळी वेगळ्या झाल्या. उंची कमी, म्हणून चौथ्या दिवशीचे दाणे तिथे ओल्या बर्फात विरघळून गेले होते. कमकुवत थर तिथे उरलाच नव्हता. तोंड वाऱ्याकडे, म्हणून वाऱ्याने तिथला बर्फ उडवून नेला होता. लादी तिथे बनलीच नव्हती. आणि सौम्य, जवळची जागा, म्हणून कॅम्पच्या पावलांनी आधीच तुडवलेली. ज्या उतारावर उद्या जायचे त्याच्याशी या खड्ड्याचे काहीच नाते नव्हते.

खड्डा खणायचा तो त्याच दिशेच्या, त्याच उंचीच्या पट्ट्यातल्या, साधारण ३० अंशांच्या पण छोट्या आणि खाली घसरून जायला सुरक्षित अशा उतारावर. खडकाला, झाडाला, तुडवलेल्या वाटेला लागून नाही. त्यातही कॉम्प्रेशन टेस्टपेक्षा लांब खांबाची टेस्ट जास्त सांगते. उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या दिशेने ३० सेंटिमीटरचा खांब, ठोके फक्त एका टोकाला, आणि बघायचे की तडा दुसऱ्या टोकापर्यंत धावतो का. थर किती ठोक्यांनी तुटतो यापेक्षा तडा पसरतो की नाही ही माहिती मोलाची, कारण माणसाला गाडतो तो पसरलेला तडा.

एवढे करूनही एका खड्ड्याचा उपयोग एकाच बाजूने होतो. खड्डा 'नको' म्हणाला तर ऐकावे. 'चला' म्हणाला तर ते त्या एका चौरस मीटरपुरते समजावे, विशेषतः थर जागोजागी वेगळा असण्याची शक्यता असेल तेव्हा. या गटाने उलटे केले. रात्री तंबूत गाइडचे म्हणणे आणि वहीतली नोंद समोरासमोर आली, आणि वहीतल्या नोंदीला आकडे होते म्हणून ती जिंकली. वाऱ्याच्या झेंड्यांची नोंद वहीत नव्हतीच.

रात्र आणि पहाट

रात्री १ वाजता निघाले. आकाश निरभ्र. मे महिन्यात रात्री निघण्याचे कारण ओल्या बर्फाशी जोडलेले आहे: रात्री पृष्ठभाग गोठतो, क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे धातूचे काटे) धरतात, आणि सकाळी नऊ-दहाच्या आत उन्हाच्या उतारावरून खाली आले की ओली हिमस्खलने टळतात. इथे ढगांकडे लक्ष हवे. निरभ्र रात्री बर्फ स्वतःची उष्णता आकाशाकडे फेकतो आणि हवेपेक्षा बराच थंड होतो. डिसेंबरच्या निरभ्र पहाटे नागपुरात अंगणातल्या गाडीची सीट दवाने ओली मिळते आणि ढगाळ पहाटे कोरडी, त्यामागचे कारण हेच. ढगाळ रात्री हवा शून्याखाली गेली तरी बर्फ नीट गोठलेला नसू शकतो.

या रात्री बर्फ छान गोठला आणि गटाने त्यातून 'परिस्थिती उत्तम' असा निष्कर्ष काढला. पण गोठण्याने ओल्या बर्फाचा प्रश्न सुटतो. कोरड्या बर्फाच्या लादीखालच्या साबुदाण्याला त्याने काही होत नाही. दोन वेगळे आजार आणि औषध एकाचेच घेतले.

४,६२० मीटरवर, उतार उभा व्हायला लागला तिथे, ख च्या पायाखालून एक भेग सुटली आणि टॉर्चच्या प्रकाशात उजवीकडे दोन-तीन मीटर पळत गेली.

"सर, थांबा. भेग गेली इथून."

"भाऊ, कालचा बर्फ आहे, वरचेवर फाटते तो," मागून घ म्हणाला. "असंच थांबत राहिलो तर उजाडून जाईल. उद्या बस आहे आपली."

क ने काठी खुपसून बघितली. वर मऊ, मग घट्ट, मग हात अचानक आत गेला, मग टणक. घट्टाखाली पोकळ, त्याखाली टणक: लादी, साबुदाणा, कवच. हातातल्या काठीने थरांची पूर्ण रचना सांगून टाकली होती. पळणारी भेग हे त्याहून मोठे चिन्ह. पायाखालून भेग पळणे, 'धप्प' आवाज होऊन आजूबाजूचा बर्फ खाली बसणे आणि शेजारच्या तशाच उतारावर ताजे हिमस्खलन दिसणे, या तिन्हींपैकी एकही दिसले तर त्या दिशेच्या ३० अंशांच्या वरच्या उतारांवर त्या दिवशी जायचे नाही. इथे मतदान नसते, आणि खड्ड्याच्या नोंदीशी तुलनाही नसते.

ते पुढे गेले. दोघांमध्ये चार-पाच मीटर अंतर ठेवून, एका रांगेत, दोराशिवाय. दोर नव्हता हे योग्यच होते. हिमभेगा नसलेल्या अशा उतारावर दोराने एकाबरोबर सगळे ओढले जातात. पण चार-पाच मीटर अंतर म्हणजे एकाच लादीवर एकाच वेळी सगळ्यांचे वजन. असा टप्पा एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी बाहेर सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावर नजर ठेवायची.

५ वाजून ५० मिनिटे

क आणि गाइड कडेवर पोचले होते. तिसरा ग. तो त्यांच्या पावलांपासून दोन मीटर डावीकडे, खडकांच्या बाजूने गेला. तिथे लादी पातळ होती. मधल्या भागात ४५-५० सेंटिमीटर, खडकांजवळ २०. पातळ जागी माणसाच्या वजनाचा ताण खालच्या थरापर्यंत पोचतो, जाड जागी वरच पसरून जातो. पहिले दोघे जाड जागेवरून गेले म्हणून उतार टिकला. 'दोघे गेले म्हणजे पक्का आहे' हा समज इथेच मोडतो. उताराने त्यांना परवानगी दिली नव्हती, त्यांचे पाय फक्त त्या थरापर्यंत पोचले नव्हते.

तडा गेला. ४० मीटर रुंद, ३० मीटर लांब, सरासरी ४५ सेंटिमीटर जाड लादी सुटली. वाऱ्याने गच्च झालेल्या बर्फाचे वजन घनमीटरला सुमारे २५० किलो धरले तर हे ५४० घनमीटर म्हणजे १३५ टन होतात. कन्हानची रेती भरलेले सात-आठ दहाचाकी ट्रक. तज्ज्ञांच्या मोजणीत हे मोठे हिमस्खलन नव्हेच.

फुटलेल्या काठाच्या भिंतीत रचना स्पष्ट दिसली. वर १० सेंटिमीटर मऊ, मूठ सहज जाईल एवढा. मग ३५ सेंटिमीटर घट्ट, वर चार बोटे शिरतील आणि खाली एकच, असा कणखर होत गेलेला. मग ३ सेंटिमीटर साबुदाणा. त्याखाली ४ सेंटिमीटर कवच, पेन्सिल जेमतेम शिरेल असे. घसरण कवचावरून झाली.

ग आणि घ वाहून गेले. च आणि छ मागे पडून अजून खालच्या सौम्य भागात होते, ख सुटलेल्या लादीच्या काठाबाहेर. ग खालच्या वाटीत पूर्ण गाडला गेला, घ त्याच्यापासून २५ मीटर वर, कमरेपर्यंत. वाटीसारख्या भागात ढिगारा पसरत नाही, साचतो. हाच बर्फ मोकळ्या उतारावर पसरला असता तर खोली निम्मी राहिली असती.

चौदा मिनिटे

सातही जणांकडे बीकन (सतत सिग्नल देणारे आणि गाडलेल्याचा सिग्नल शोधणारे छोटे यंत्र) होते आणि निघताना ते तपासले होते. या एका गोष्टीने ग वाचला. पूर्ण गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले तर दहापैकी नऊ जण जगतात. त्यानंतर हे प्रमाण कोसळते, आणि पस्तीस मिनिटांपर्यंत दहापैकी तीनवर येते. मुख्य कारण गुदमरणे. थंडी नंतर येते. बाहेरून मदत बोलावण्याइतका वेळ यात नसतो. सोबतचे चार-पाच जण हेच बचाव पथक.

पहिले मिनिट चांगले गेले. ख ने ग शेवटचा दिसला ती जागा नजरेत धरून ठेवली, क ने वर आणखी काही सुटण्यासारखे आहे का ते बघितले, डोकी मोजली.

मग वेळ गळायला लागला. च आणि छ ने बीकन शोधण्याच्या स्थितीत टाकले आणि बाण त्यांना घेऊन गेला घ कडे. घ चा चेहरा बाहेर होता, तो ओरडत होता, पण त्याचे बीकन अजून सिग्नल देत होते आणि तेच सर्वांत जवळचे. त्याचा श्वास चालू आहे एवढे बघून त्याचे प्रक्षेपण बंद करायला हवे होते. ते लक्षात यायला दोन मिनिटे गेली. दरम्यान गाइड वरून धावत आला, आणि त्याचे बीकन सिग्नल देण्याच्याच स्थितीत राहिले. तो हलला की इतरांच्या पडद्यावरचे अंतर ३० वरून १२, १२ वरून २५ असे उड्या मारायला लागले. शोध सुरू होताना एकाने मोठ्याने 'सगळे शोधावर' म्हणायचे आणि प्रत्येकाने आपला पडदा दाखवून उत्तर द्यायचे, एवढीच सवय इथे दीड-दोन मिनिटे वाचवते. छ च्या छातीवर फोन होता, हातात स्मार्ट घड्याळ. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालते आणि आसपासच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंनी शोधताना गोंधळते. सिग्नल देताना फोन किमान २० सेंटिमीटर आणि शोधताना किमान ५० सेंटिमीटर दूर हवा.

सहाव्या मिनिटाला खरा सिग्नल मिळाला. तीन मीटरच्या आत आल्यावर बीकन बर्फाला टेकवून, न फिरवता, आधी सरळ रेषेत आणि मग काटकोनात सरकवले, सर्वांत कमी आकडा ०.९. तिथून प्रोब, म्हणजे बर्फात टोचून बघायची लांब काठी, उताराला काटकोनात, मध्यापासून २५ सेंटिमीटरच्या अंतराने चक्राकार. चौथ्या टोचणीला ८५ सेंटिमीटरवर लागले. प्रोब तिथेच रोवून ठेवला. आठ मिनिटे झाली होती.

खणायला सहा मिनिटे लागली. याहून कमी लागायला हवी होती. ख ने प्रोबच्या शेजारी सरळ खाली विहीर खणायला घेतली. बाजू ढासळत राहिल्या, उभे राहायला जागा नाही, बर्फ वर फेकावा लागतो. प्रोबपासून उताराच्या खालच्या बाजूला, खोलीच्या दीडपट अंतरावरून आत शिरायचे असते: ८५ सेंटिमीटरला साधारण १ मीटर ३० सेंटिमीटर. बर्फ उचलायचा नाही, मागे ओढायचा. एक जण टोकाला, बाकीचे मागे साफ करत, दर मिनिटाला अदलाबदल. थांबलेला ढिगारा गच्च असतो. एक घनमीटर काढायचा म्हणजे चारशे किलो. दोन फावड्यांपैकी प्लास्टिकचे एक तिथे मोडले.

चौदाव्या मिनिटाला चेहरा मोकळा झाला. तोंडातला बर्फ बोटाने काढला, छातीवरचा भार हटवला. ग बेशुद्ध होता, श्वास उथळ पण चालू. काही मिनिटांत डोळे उघडले. खांदा निखळला होता. त्याला आडवाच ठेवला, ओले जॅकेट बदलले, खाली मॅट आणि वर दोन स्लीपिंग बॅग. हातपाय चोळले नाहीत, ते बरोबर केले. थंड रक्त एकदम हृदयाकडे धावू देऊ नये. पूर्ण शुद्धीवर येऊन गिळता येईपर्यंत काहीही प्यायला दिले नाही, हेही बरोबर. बकरथाचपर्यंत उतरायला सात तास गेले. गाडलेल्या माणसाला बरे वाटले तरी फुप्फुसांच्या इजेसाठी किमान एक दिवस रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागते.

नागपुरात काय बदलायचे

पहिली गोष्ट तिकिटाची, कारण बाकी सगळे त्यावर टांगलेले आहे. दोन राखीव दिवस बेतात धरायचे, आणि ते शिखराच्या आधीचे. परतीची दोन तिकिटे काढायची, एक लवकरचे, एक दोन दिवस नंतरचे. तिकीट रद्द करण्याचे शुल्क मोहिमेच्या खर्चात आधीच मांडायचे. नागपुरात एक संपर्कमाणूस ठेवायचा. सहाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत खाली जाणाऱ्या पोर्टरकडून किंवा फोनने निरोप आला तसे त्याने एक तिकीट रद्द करायचे. निरोप आलाच नाही तर लवकरचे रद्द. नियम उलटा ठेवला तर वरच्या माणसावर परत घाई येते.

दुसरी गोष्ट 'मे महिन्यात हिमस्खलन कसले' या समजाची. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात द्रौपदी का डांडा इथे नेहरू पर्वतारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळले आणि २९ जण गेले. तो महिनाही हिवाळ्याचा नव्हता. पाच हजार मीटरच्या आसपास नवा बर्फ आणि वारा एकत्र आले की ऋतू विचारायचा नसतो. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, पण ते जिल्हा आणि उंचीच्या पट्ट्यासाठी असतात. तुमच्या १५० मीटरच्या टप्प्याचा इशारा कोणी देणार नाही. हवामान खात्याचा अंदाज आणि धारेवरचे झेंडे यांवरून तो तुम्हालाच काढायचा आहे.

तिसरी गोष्ट शोधाच्या सरावाची. त्याला बर्फ लागत नाही. मैदानावर एक बीकन डब्यात घालून लपवा, दुसरे 'कमरेपर्यंत गाडलेल्या' माणसाच्या खिशात ठेवा, आणि मुद्दाम एका शोधकाचे बीकन सिग्नलवर राहू द्या. गोंधळ तिथेच होऊ दे. प्रोबसाठी आरा मशीनचा भुसा उत्तम: मीटरभर ढिगात जुने टायर, लाकडी फळी आणि दगड पुरा आणि डोळे मिटून ओळखा. टायर किंचित उसळते, माणसाचे शरीरही तसेच लागते. दगड खणकन थांबवतो. खणण्याचा सराव ओल्या रेतीत करा, घड्याळ लावून, पाच जण आणि धातूची फावडी. प्लास्टिकची फावडी विकत घेऊ नका आणि भाड्याने मिळाली तर परत करा. एप्रिलच्या ऊनात हा सराव पहाटे सहाला सुरू करून आठला संपवावा. आठ मिनिटांत डब्याचे झाकण उघडेपर्यंत सराव चालू ठेवा, आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात तो एकदा अंधारात, हेडलॅम्प लावून करा.

वहीत खड्ड्याच्या पानाच्या आधी एक पान नवे जोडा. त्यावर रोज संध्याकाळी पाच नोंदी: गेल्या ४८ तासांत किती नवा बर्फ, वारा कुठून कुठे, सर्वांत जास्त तापमान, दिसलेली हिमस्खलने व भेगा, आणि गाइडचे मत त्याच्याच शब्दांत. ही नोंद नवख्याने करावी आणि रात्रीच्या बैठकीत त्यानेच सर्वांत आधी वाचावी.